मराठी टंकनासाठी हातांची नवी मांडणी: प्रकल्प नोंदी

माझं काम भाषांतराचं आणि मुद्रितशोधनाचं. दिवसाचे बहुतेक तास कळफलकावर जातात, आणि मजकूर जवळजवळ सगळा देवनागरीत, इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांसाठीच्या प्रमाण कळरचनेवर. डावं मनगट आणि करंगळी कामात अडथळा आणू लागली तेव्हा टेबल, कळफलक आणि टंकनाच्या सवयी एकेक करून बदलायला घेतल्या. इंग्रजी टाइप करणाऱ्यांसाठी सल्ले ढीगभर आहेत. इनस्क्रिप्टवर मात्र हात वेगळ्याच जागी शिणतात. तिथे काय चाललं आणि काय फसलं, हे पुढच्या माणसाच्या उपयोगी पडावं म्हणून या नोंदी.

३ जून

सुरुवातीची स्थिती. डाव्या मनगटाची करंगळीकडची बाजू संध्याकाळी ठणकते. डाव्या करंगळीत आणि अनामिकेच्या अर्ध्या भागात मुंग्या येतात. उजवा खांदा दुपारनंतर जड होतो.

काहीही हलवण्याआधी डॉक्टरांकडे जाऊन आले. कोणत्या बोटाला मुंग्या येतात यावरून नस कुठे दबते आहे याचा अंदाज येतो. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची आतली बाजू असेल तर संशय मनगटातून नस जाते त्या अरुंद बोगद्यावर जातो. करंगळी आणि अनामिकेची बाहेरची बाजू असेल तर नस बहुधा कोपरापाशी दबत असते. माझं दुसऱ्या प्रकारचं निघालं. डॉक्टरांनी बोटांची ताकद आणि चिमटीची पकड तपासली. ताकद शाबूत होती, म्हणून मांडणी सुधारून पाहा, म्हणाले. हातातून वस्तू निसटत असतील, बधिरपणा जातच नसेल किंवा त्याने रात्री झोपमोड होत असेल, तर टेबलाशी खटपट करत वेळ घालवू नका. आधी तपासून घ्या.

मोजमापासाठी एक सोपी गोष्ट केली. दोन्ही हात कागदावर ठेवून पेन्सिलीने बाह्यरेखा काढली आणि त्याच्या प्रती काढून ठेवल्या. रोज संध्याकाळी दुखणारा भाग रंगवायचा, बाजूला ० ते १० मधला आकडा लिहायचा आणि त्या दिवशी काय बदललं ते एका ओळीत टिपायचं. एका वेळी एकच बदल, आणि दुसरा करण्याआधी निदान आठवडा जाऊ द्यायचा. या नियमामुळे सगळं काम लांबलं, पण त्याच्याशिवाय पुढचं काहीच कळलं नसतं.

५ जून

उंचीपासून सुरुवात. पावलं जमिनीवर सपाट ठेवून बसले, खांदे सैल सोडले, कोपर काटकोनात. कोपर जमिनीपासून ६३ सेंटीमीटरवर आलं. टेबल ७५ सेंटीमीटर उंच, त्यावर कळफलक साडेतीन. म्हणजे बोटं कोपराच्या साडेपंधरा सेंटीमीटर वर काम करत होती, आणि तेवढं अंतर खांदे उचलून भरून निघत होतं.

खुर्ची पूर्ण वर घेतली, १० सेंटीमीटर मिळाले. पाय लोंबकळू लागले आणि खुर्चीची कड मांडीखाली रुतायला लागली. पायाखाली लाकडी खोकं ठेवलं, ते अरुंद होतं आणि सारखं सरकायचं. शेवटी रुंद फळीला खालून रबराच्या पट्ट्या ठोकल्या. पायांना जागा बदलता आली पाहिजे, म्हणून फळी खुर्चीपेक्षा रुंद हवी.

उरलेल्या साडेपाच सेंटीमीटरसाठी टेबलाखाली सरकता खण लावून पाहिला. गुडघे आपटायला लागले, आणि जोरात टाइप करताना खण खालीवर हलायचा. काढून टाकला. टेबल लाकडी आहे, त्यामुळे सुताराकडून चारही पाय कापून घेतले. कापण्याआधी टेबल आहे त्या जागी उभं ठेवूनच खुणा करून घ्याव्यात. जमीन कधीच पूर्ण सपाट नसते, आणि आडवं पाडून मोजलेलं टेबल नंतर डगमगतं.

पडदा लॅपटॉपचाच वापरत होते. तो उंच स्टँडवर नेला: वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली, अंतर हात लांब केल्यावर बोटं टेकतील इतकं. त्याबरोबर बाहेरचा कळफलक सक्तीचा होतो. लॅपटॉपवर पडदा आणि कळा एकत्र जोडलेल्या असल्याने मान आणि हात दोन्ही एकाच वेळी बरोबर ठेवताच येत नाहीत.

१३ जून

खांद्याचा आकडा खाली आला. मनगट होतं तिथेच.

मनगट पाहण्यासाठी पट्टी वापरली. हाताच्या मागच्या बाजूवर, पंज्यापासून अग्रबाहूपर्यंत सपाट पट्टी ठेवायची आणि हात टंकनाच्या जागी न्यायचा. पट्टी दोन टोकांना टेकून मनगटापाशी अधांतरी उरत असेल तर मनगट मागे वाकलेलं आहे. माझं चांगलंच वाकलेलं होतं. कारण कळफलकाचे मागचे दोन पाय. बहुतेक जण ते उघडतात, कारण अक्षरं नीट दिसतात. पण मागची कड वर गेली की मनगट मागे मुडपतं, आणि मनगटातल्या बोगद्यात, जिथून नऊ कंडरा आणि एक मोठी नस जाते, तिथला दाब वाढतो. पाय मिटवले. मग पुढच्या कडेखाली रबराच्या दोन पट्ट्या चिकटवून कळफलक किंचित उलटा उतरता केला. पट्टी सपाट बसली.

मनगटाखालच्या जेलच्या गादीबद्दल. टंकन करताना मनगट त्या गादीवर दाबून ठेवलं की त्याच बोगद्यावर खालून भार येतो. शिवाय हात एका जागी खिळतो आणि लांबच्या कळा बोटं ताणून, मनगट बाजूला वळवून गाठाव्या लागतात. गादी फेकून दिली नाही. तळहाताची टाच थांबण्याच्या वेळी टेकवायला ती चांगली आहे. टाइप करताना हात वरून तरंगता ठेवायचा आणि पूर्ण अग्रबाहू हलवून कळ गाठायची. पहिला आठवडा दंड दुखले. खुर्चीचे हात खाली करून, टेबलाच्या पातळीवर आणून ठेवल्यावर तेही थांबलं. ते आधी टेबलाच्या कडेला अडत होते, म्हणून खुर्ची पुरेशी आत सरकत नव्हती.

२२ जून

आजची नोंद लांब आहे, कारण खरं कारण इथे सापडलं.

फोन पुस्तकांच्या ढिगावर आडवा ठेवून हातांचं वरून चित्रीकरण केलं आणि ते सावकाश चालवून पाहिलं. डाव्या हाताची करंगळी जवळजवळ सतत शिफ्टवर होती. मी उजवी शिफ्ट वापरतच नव्हते.

इनस्क्रिप्टची रचना अशी: बरीचशी व्यंजनं उजव्या हाताला, स्वरचिन्हं आणि हलन्त (अक्षराचा पाय मोडणारं चिन्ह) डाव्या हाताला. काना, मात्रा, वेलांट्या, उकार शिफ्टविना. त्याच कळा शिफ्टसह दाबल्या की पूर्ण स्वर: आ, ए, इ, उ. व्यंजनांत क शिफ्टविना तर ख शिफ्टने, त आणि थ, ब आणि भ, ग आणि घ, तसंच. ळ, श, ष, ण हेही शिफ्टने. म्हणजे मराठीत शिफ्ट ही इंग्रजीसारखी वाक्याच्या सुरुवातीला लागणारी कळ राहत नाही. ती जागोजागी लागते.

आता ‘आणि’ टाइप करून पाहा. आ साठी शिफ्ट आणि कान्याची कळ. ण साठी शिफ्ट आणि म ची कळ. दोन्ही कळा डाव्या हाताच्या. डाव्याच करंगळीने शिफ्ट धरली तर करंगळी खालच्या कोपऱ्यात अडकते, मधलं बोट वरच्या ओळीत कान्यापर्यंत जातं, आणि लगेच त्याच हाताला खालच्या ओळीत यावं लागतं. चित्रफितीत दर वेळी मनगट करंगळीकडे कलताना स्पष्ट दिसत होतं. ‘आणि’ हा शब्द पानभर मजकुरात किती वेळा येतो ते कोणत्याही पानावर मोजता येईल.

त्याच्या जोडीला आणखी एक गोष्ट लक्षात आली. व्यंजनं उजवीकडे हे ढोबळ सूत्र आहे. न, म, व आणि अनुस्वार डाव्या हाताच्या खालच्या ओळीत आहेत. ‘मनाने’, ‘नावाने’ हे शब्द अख्खे एका डाव्या हाताने टाइप होतात. मराठीत ‘ने’, ‘नी’, ‘ना’ हे प्रत्यय आणि शेवटचे अनुस्वार इतके असतात की डाव्या हाताचं काम उजव्यापेक्षा ठळकपणे जास्त पडतं. डावं मनगटच का दुखत होतं याचं उत्तर मिळालं.

फोनेटिककडे, म्हणजे रोमन अक्षरांत उच्चार टाइप करून देवनागरी उमटवण्याकडे, वळावं का, हेही तपासलं. ‘सगळं’ इनस्क्रिप्टवर चार कळा आणि एक शिफ्ट. फोनेटिकमध्ये प्रत्येक अ लिहावा लागतो, त्यामुळे ‘सगळं’ला सात. ‘विद्यार्थी’सारख्या जोडाक्षरी शब्दात दोन्ही जवळपास सारखे, कारण इनस्क्रिप्टवर हलन्ताच्या कळा वाढतात. रोजच्या मजकुरात इनस्क्रिप्टच्या कळा कमी भरतात, म्हणून तिथेच राहिले.

३० जून

उजव्या शिफ्टचा सराव. नियम एकच: अक्षर ज्या हाताचं, शिफ्ट त्याच्या विरुद्ध हाताची. सरावाचे शब्द दोन गटांत ठेवले. उजव्या शिफ्टसाठी: आई, आता, इतका, उद्या, एक, ऐक, आणि. डाव्या शिफ्टसाठी: खूप, घर, झाड, थंड, फळ, भाषा, शाळा. दोन्हींची सरमिसळ हवी असेल तर ‘औषध’ घ्या. त्यातली तिन्ही अक्षरं शिफ्टची, पहिलं उजव्या शिफ्टचं, पुढची दोन डाव्या.

पहिले काही दिवस वेग इतका पडला की ठरलेली पानं रात्री उशिरापर्यंत बसून पूर्ण केली, आणि त्या रात्रींचे आकडे चढले. सराव आणि मुदतीचं काम एकाच दिवशी नको. मग सकाळी कामाआधी थोडा वेळ फक्त या शब्दांचा सराव आणि दिवसभर नियम जमेल तितका पाळायचा, असं केलं. सवय हळूहळू मुरली. चुकून डावी शिफ्ट धरली की त्या कळा पुसून परत बरोबर टाइप करायच्या, हे सगळ्यात परिणामकारक ठरलं.

कॅप्स लॉकची कळ देवनागरीत निरुपयोगी असते आणि जागा मोक्याची अडवते. ती कंट्रोल केली. विंडोजवर पॉवरटॉइज नावाच्या सॉफ्टवेअरमधून, मॅकवर सेटिंगमधून, लिनक्सवर कळफलकाच्या पर्यायांतून हे करता येतं, कोणतंही नवं यंत्र न घेता. नकल, चिकटव, साठव यांसाठी करंगळी खालच्या कोपऱ्यात मुडपायची गरज उरली नाही.

‘क्ष’ साठी आकड्यांच्या ओळीत एक स्वतंत्र कळ आहे, शिफ्ट आणि ७. ती गाठायला हात जागेवरून उठतो. क, हलन्त, ष अशा तीन कळा दाबणं हाताला सोपं जातं. कळा कमी म्हणजे श्रम कमी, असं दर वेळी होत नाही.

१२ जुलै

मनगटाचा आकडा पहिल्यांदा निम्म्यावर. मुंग्या मात्र तशाच. म्हणजे त्यांचं कारण टंकनात नव्हतं.

दिवसभर स्वतःवर लक्ष ठेवलं. मुद्रितं वाचताना मी डावं कोपर टेबलाच्या कडेवर टेकवून हनुवटी हातावर ठेवते. कोपराच्या आतल्या बाजूला ती नस कातडीच्या अगदी खाली असते. तीच जागा, जिथे टक्कर लागली की झिणझिण्या येतात. टेबलाची कड टोकदार होती. सुताराने ती गोल करून दिली, वर फोमची पट्टी लावली, आणि वाचनासाठी तिरकी पाटी आणली म्हणजे टेकायची गरजच पडू नये. फोनवर बोलताना कोपर पूर्ण दुमडून धरत होते, आता कानातला हेडफोन वापरते.

तरी पहाटे मुंग्या यायच्या. झोपेत कोपर दुमडलेलं राहतं. डॉक्टरांना विचारलं, त्यांनी कोपराभोवती टॉवेल सैलसर गुंडाळून झोपायला सांगितलं, म्हणजे ते पूर्ण वाकत नाही. याचा फरक सगळ्यात लवकर दिसला.

मनगटाचा पट्टाही त्याच काळात आणला होता आणि तो घालून टाइप करून पाहिलं. मनगट हलेनासं झालं, पण कळा तर गाठायच्याच होत्या. ती हालचाल कोपर आणि खांद्यावर गेली, आणि जिथे काही दुखत नव्हतं तिथे दुखू लागलं. टंकनाच्या वेळी पट्टा घालणं बंद.

२० जुलै

माउस. कळफलकाच्या उजवीकडे आकड्यांचा गट, त्याच्या पलीकडे माउस. टंकन करताना शरीराचा मध्य अक्षरांसमोर असतो, म्हणजे माउससाठी दंड बाहेर पसरून ठेवावा लागतो. खांदा तिथे शिणत होता. आकड्यांचा गट नसलेला कळफलक घेतला. कळांमधलं अंतर तेच राहतं, नेहमीचे १९ मिलिमीटर, त्यामुळे बोटांना काही नवं शिकावं लागलं नाही. पैशाच्या मानाने सगळ्यात जास्त फायदा याने झाला.

उभा माउस तेवढा मानवला नाही. हात मिळवण्याच्या स्थितीत राहतो, अग्रबाहू पिळला जात नाही, हे खरं. पण माझ्या पंज्याला तो मोठा होता, आणि अंगठ्याने आवळून धरावा लागायचा. लहान आकाराचा मिळाल्यावर जमलं. विकत घेण्याआधी हातात धरून बघणं शक्य असेल तर जरूर बघा. पडद्यावरच्या बाणाचा वेग वाढवून ठेवला, म्हणजे पंजा कमी फिरतो.

४ ऑगस्ट

विरामाची आठवण करून देणारं सॉफ्टवेअर. वर्करेव्ह नावाचं मुक्त स्रोत सॉफ्टवेअर लिनक्स आणि विंडोजवर चालतं. छोटे विराम आणि मोठे विराम वेगळे ठरवता येतात. सुरुवातीला छोटे विराम फार दाट लावले आणि पडदा कुलूपबंद होईल असं ठेवलं. वाक्य अर्धवट असताना पडदा झाकला जाई, आणि विराम संपण्याची वाट पाहत बोटं कळांवरच ताणून ठेवली जात. त्याला विश्रांती म्हणत नाहीत.

सक्ती काढली, फक्त सूचना ठेवली, आणि विराम कामाच्या ओघात बसवले. परिच्छेद संपला की हात मांडीवर, तळवे वर. मूळ मजकूर वाचताना हात कळफलकावरून उचलायचे. यातून जे अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे विराम मिळतात ते आपोआप पाळले जातात. उठून चालण्याचा मोठा विराम मात्र सॉफ्टवेअरवर सोपवला, कारण कामात गुंग झालं की तो हमखास राहून जातो.

१७ ऑगस्ट

दुभागलेला कळफलक आला. प्रकल्पातली सगळ्यात महागडी गोष्ट, आणि वेळही सगळ्यात जास्त हिने खाल्ला.

दोन तुकडे खांद्यांच्या रुंदीवर ठेवता येतात, मनगट बाहेर कलत नाही. आतली कड वर उचलून दोन्ही तुकडे तंबूसारखे तिरके करता येतात. कळा हलक्या निवडल्या: साधारण ४५ ग्रॅम भाराने उमटणाऱ्या, प्रवास ४ मिलिमीटर, त्यातल्या २ वर अक्षर उमटतं. म्हणजे कळ तळाशी आपटायची गरज नाही. आपटायची सवय जायला वेळ लागतो.

मराठी टाइप करणाऱ्यांनी एक गोष्ट विकत घेण्यापूर्वी मोजावी. असे बरेच लहान कळफलक फक्त इंग्रजीच्या २६ अक्षरांचा विचार करून बनतात. ४२ कळांच्या नमुन्यात इंग्रजी पी च्या पलीकडे स्वतंत्र चौकटी कंसाची कळ नसते. इनस्क्रिप्टवर तिथे ड आणि ढ असतात. ‘ऑफिस’, ‘डॉक्टर’ मधला ॉ ज्या कळीवर असतो तीही गायब. आकड्यांची ओळ नाही, म्हणजे ज्ञ, त्र, श्र च्या थेट कळाही नाहीत. जोडाक्षरं हलन्ताने लिहिता येतात, पण ड शिवाय मराठी चालत नाही. मी बॅकस्पेस अंगठ्याखाली नेली आणि तिच्या जागी ड बसवला. ॉ दुसऱ्या थरात गेला, म्हणजे एक खास कळ धरली की त्याच कळांवर मिळणाऱ्या दुसऱ्या अक्षरांत. पुन्हा निवड करायची झाली तर पी च्या पलीकडच्या कळा आणि आकड्यांची ओळ असलेला नमुना घेईन.

२५ ऑगस्ट

करंगळीला शिफ्टपासून पूर्ण सोडवावं म्हणून मधल्या ओळीच्या कळांना दुहेरी काम दिलं: टिचकी मारली तर अक्षर, धरून ठेवली तर शिफ्ट किंवा कंट्रोल. क्यूएमके या फर्मवेअरमध्ये, म्हणजे कळफलकाच्या आतच चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, याची मूळ मुदत २०० मिलिसेकंद असते. त्यापेक्षा जास्त वेळ कळ दाबलेली राहिली की ती धरलेली समजली जाते.

इंग्रजीत हे अनेकांना मानवतं. इनस्क्रिप्टवर डाव्या हाताच्या मधल्या ओळीत ो, े, हलन्त आणि ि आहेत, म्हणजे मराठीतल्या सर्वांत वापरातल्या कळा. हलन्ताला शिफ्ट जोडली होती. नव्या कळफलकावर बोट सावकाश उचललं जाई, तेवढ्यात पुढचं अक्षर दाबलं जाई, आणि ‘रक्त’ चं ‘रकथ’ व्हायचं: हलन्त उमटायचा नाही, त्याऐवजी शिफ्ट लागून त चा थ. ऱ्हस्व वेलांटीला कंट्रोल होती. ‘किती’ लिहिताना वेलांटी रेंगाळली की कंट्रोल आणि त ची कळ मिळून पूर्ण परिच्छेद डावीकडे जुळवला जायचा. मुदत वाढवली तर चुका घटल्या, पण खरी शिफ्ट हवी तेव्हा ताटकळावं लागायचं.

ही योजना सोडली. शिफ्ट आणि कंट्रोल दोन्ही अंगठ्यांखाली नेल्या.

९ सप्टेंबर

डाव्या अंगठ्याचं मूळ दुखायला लागलं. हाताच्या चित्रावर नवी जागा रंगली तेव्हा जुन्या सगळ्या प्रती शेजारी मांडून पाहिल्या. प्रत्येक बदलानंतर एक जागा फिकी झालेली आणि बऱ्याचदा दुसरी गडद. करंगळीचं काम काढून अंगठ्याला दिलं, पण स्पेस, बॅकस्पेस, शिफ्ट, कंट्रोल आणि थर बदलणं एवढं सगळं दोन अंगठ्यांवर पडलं. त्यातली आतली कळ गाठायला अंगठा तळहाताखाली दुमडावा लागे. अंगठा तसा दुमडून वारंवार दाबणं त्याच्या मुळाशी असलेल्या कंडरांना सोसत नाही.

भौतिकोपचारतज्ज्ञ बाईंकडे गेले. त्यांनी आधी हात बघितला नाही, टाइप करून दाखवायला सांगितलं.

“अंगठा आत ओढताय तुम्ही. बाजूनेच दाबता येईल अशा कळा तेवढ्या ठेवा, बाकीच्या काढा.”

“मग शिफ्ट कुठे नेऊ?”

“थोडी इकडे, थोडी तिकडे. सगळं एकाच बोटाच्या गळ्यात कशाला?”

तसंच केलं. शिफ्ट दोन जागी आहे आता: अंगठ्याच्या सोप्या कळीवर आणि जुन्या जागी करंगळीखालीही. शिवाय एकदा दाबून सोडली तर फक्त पुढच्या अक्षराला लागेल अशी केली, म्हणजे धरून ठेवायला नको. हीच सोय साध्या कळफलकावरही ‘स्टिकी कीज’ नावाने मिळते, आणि इनस्क्रिप्टसाठी ती सगळ्यांनी एकदा वापरून पाहावी असं मला मनापासून वाटतं. आतली कळ रिकामी ठेवली.

व्यायाम त्यांनी थोडेच दिले: मुठीच्या वेगवेगळ्या आकारांतून बोटं सावकाश नेणं, आणि हलकं वजन घेऊन मनगट वर करून हळूहळू खाली सोडणं. दुखतंय तिथे जोर लावून ताणायचं नाही, हे दोनदा बजावलं. सकाळी हात गार असतील तर आधी कोमट पाण्यात धरायचे.

२८ सप्टेंबर

आवाजाने लिहून पाहिलं. मराठी ओळखण्याची अचूकता साध्या मजकुराला पुरते. अडचण दुरुस्तीत येते. विरामचिन्हं, अनुस्वार, ऱ्हस्व-दीर्घ यांसाठी दर ओळीत माउसने जागा गाठावी लागते, म्हणजे बोटांचं काम घटून खांद्याचं वाढतं. सलग बोलल्यावर घसाही बसतो. निरोप आणि टिपणं आता बोलून लिहिते, भाषांतर हाताने.

१९ ऑक्टोबर

मनगट बहुतेक संध्याकाळी ० किंवा १. मुंग्या थांबल्या. अंगठा २ च्या आसपास, मुदतीच्या आठवड्यात ३. वेग पूर्वीच्या जवळ आला, पण पूर्वीइतका नाही, आणि मी तो रेटत नाही.

काय किती उपयोगी पडलं याचा माझा क्रम: उजवी शिफ्ट, टेबल-खुर्चीची उंची, कोपराखालची कड, आकड्यांचा गट काढणं, मग दुभागलेला कळफलक. पहिल्या तीन गोष्टी आधी नीट झाल्या नसत्या तर दुभागलेल्या कळफलकाचा फायदा मला ओळखताच आला नसता.

२ नोव्हेंबर

माझ्याबरोबर मुद्रितं तपासणाऱ्या ताईंना हीच मांडणी हवी होती. त्या माझ्यापेक्षा बऱ्याच उंच आहेत. माझ्या टेबलावर त्यांचे गुडघे अडकले आणि कोपर कळांच्या खूप वर आलं. त्यांचं दुखणंही उजव्या तर्जनीचं आणि अग्रबाहूच्या वरच्या बाजूचं. चित्रीकरण केलं तर दिसलं की त्या टाइप फार थोडं करतात. पान सरकवण्यासाठी माउसचं चाक सतत तर्जनीने फिरवतात, आणि न फिरवतानाही बोट चाकावर उचलून धरलेलं असतं.

त्यांना कळफलक बदलायला सांगितलं नाही. पान सरकवायला पेज डाउन आणि बाणांच्या कळा, माउस एक दिवसाआड डाव्या हाताला, आणि हातांच्या चित्रांच्या कोऱ्या प्रती दिल्या. टेबल त्यांच्या कोपराच्या उंचीला आणायला खालून ठोकळे लागतील. कोपर मोजून घेतलं आहे, रविवारी ठोकळे बसवायचे आहेत.